धुराच्या अंगाला

माझा भाऊ आणि माझा नवरा जन्मभर भांडले, आणि कशावरून, तर वीज कशापासून करावी यावरून. हसू नका. माणसं बांधावरून भांडतात, फणसाच्या फांदीवरून भांडतात, लग्नात टोपी-टॉवेल मिळाला नाही म्हणून वर्षानुवर्षं बोलत नाहीत. आमच्या ओटीवर अणू आणि सूर्य यांचं भांडण होतं, एवढंच.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगराच्या कुशीत. मधून वहाळ वाहतो, तो खाली जाऊन सावित्रीला मिळतो. वहाळाच्या अल्याड माझं सासर, पल्याड माहेर, मधे पायी ओलांडायचा साकव. गाव एकच, गावदेवी एकच, मसणवट एकच. माझं लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली होती, "तुला काय लांब दिली? चुलीवर दूध ठेवून माहेरी ये, उतू जायच्या आत परत पोचशील."

भाऊ माझ्या पाठचा. तो मात्र लांब गेला. शिकला, आणि समुद्रकाठच्या एका अणुवीज केंद्रात नोकरीला लागला. तिथल्या क्वार्टरमध्येच त्याचा संसार झाला. मूलबाळ झालं नाही. बायको त्याच्या आधी गेली. निवृत्त झाल्यावर सगळ्यांना वाटलं, आता हा पनवेलला फ्लॅट घेणार. त्यानं घेतला नाही. माहेरच्या घरावर नवे पत्रे घातले, न्हाणीघर बांधलं आणि येऊन राहिला. पहिल्याच दिवशी माझ्या हातचं पिठलं खाता खाता म्हणाला, "बाय, जगलो तिकडं. पण जाळायचं मला इथं, वहाळावर. घराघरातनं एकेक लाकूड आलं पायजे."

आमच्याकडे ती रीत आहे. कुणी गेलं की गावातल्या प्रत्येक घरातून एक लाकूड जातं. भावकीत कोर्टकचेरी चालू असली तरी जातं. सरणावर सगळ्या घरांची लाकडं म्हणजे माणूस गावचा. त्याला एवढंच हवं होतं, गावचं व्हायचं होतं. मी म्हटलं, "जेवताना कसलं अभद्र बोलतोस रे." त्यावर त्यानं आणखी भात मागितला.

आमचे मालक एसटीचे ड्रायव्हर. आयुष्य घाटात गेलं. प्रवासी सीटवर टाकून जायचे ते पेपर ते घरी आणायचे. आधी ते वाचायचे, मग मी. माझं शाळेचं शिक्षण म्हणाल तर नाव काढण्यासारखं नाही. अक्षरं मी त्या भजीचं तेल लागलेल्या पेपरांवर पक्की केली. त्याच पेपरांतून मालकांना सूर्याचं वेड लागलं. वाडीतला पहिला सोलरचा कंदील त्यांनी आणला, छपरावर पहिली प्लेट त्यांनी बसवली. देवाला हात जोडावेत तसे त्या प्लेटकडे बघत उभे राहायचे. माझा भाऊ तिला 'भावजींची काच' म्हणायचा.

तो राहायला आल्यापासून रोज तिन्हीसांजेला साकव ओलांडून आमच्या ओटीवर यायचा. चपला काढायच्या आत सुरू.

"काय भावजी, आज तुमचा सूर्य ड्युटीवर आला नाय वाटतं?"

"येईल, येईल. त्याला तुझ्यासारखी पेन्शन नाय. फुकट राबतो बिचारा."

"फुकट राबतो म्हणूनच चार महिने दांडी मारतो. जून ते सप्टेंबर तुमच्या काचेवर शेवाळ धरतं. गिरणी कशावर चालवायची, शेवाळावर?"

"पाऊस पडतो तेव्हा पाण्यावर चालव. वारा सुटतो तेव्हा वाऱ्यावर चालव. देवानं दिलंय ते वापरायचं सोडून तू निघालास दगड फोडून आग काढायला."

"पाणी?" भाऊ लगेच मांडी बदलायचा. "डोंगरापल्याड विचारा जाऊन पाण्याच्या विजेबद्दल. आमच्या मावशीचं गाव कुठं हाय आज? धरणाच्या पाण्याखाली. देवळाचा कळसपण दिसत नाय. बाय, सांग की तुझ्या नवऱ्याला."

हे खरं होतं. मावशी मरेपर्यंत म्हणायची, माझं गाव माशांनी खाल्लं. मी चहाचे कप ठेवून गप्प आत जायची, कारण मी बोलले की दोघंही माझ्यावर उलटायचे.

मालकांचा हुकमाचा पत्ता ठरलेला होता. "आम्ही शेण काढतो, उकिरड्यावर टाकतो. वर्षा-दोन वर्षांत खत होतं, शेतात जातं. तुमच्या भट्टीचा उकिरडा कधी कुजणार? नातवाचा नातू त्याच्यावर राखण करत बसणार. आणि त्याला कुणी सांगायचं, की बाबा, हे कशासाठी राखायचं?"

इथं भाऊ थोडा थांबायचा. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. "ते हाय खरं," म्हणायचा. "ते अजून नीट सुटलेलं नाय. पण उकिरडा लहान हाय, आणि कुठं हाय ते आम्हाला माहीत हाय. कोळशाचा उकिरडा आकाशात टाकलाय, त्याला कोण राखतं? आणि तुमच्या काचा फुटल्या की कुठं टाकणार? साकवाखाली?"

"फुटली एखादी तर काच फुटते. तुमची भट्टी फुटली की मुलूख जातो."

"घाट धोक्याचा म्हणून तुम्ही गाडी उभी ठेवली होती का भावजी?"

"माझी गाडी दरीत गेली असती तर गाडीतली माणसं गेली असती. पण दुसऱ्या दिवशी घाट चालू झाला असता. तुमची गाडी दरीत गेली की घाटच बंद, पिढ्यान्‌पिढ्या."

असं ते रोज. कोण जिंकायचं? कुणीच नाही. कोळशाला शिव्या द्यायच्या वेळी मात्र दोघांचं एकमत व्हायचं आणि मग जेवायला बसायचे. मी एकदा म्हटलं, "तुमचं दोघांचं ऐकून मला एवढंच कळलं, की चूल कसलीही असो, राख होतेच. आणि राख काढायची बाईनं." तेव्हा भाऊ खो खो हसला. मग एकदम गंभीर झाला. म्हणाला, "बाय, केंद्रात आमच्या छातीला बिल्ला असायचा. अंगावर किती पडलं ते त्याच्यावरून मोजायचे. जास्त झालं की आत सोडायचे नायत. तू एवढी वर्षं चुलीपुढं बसलीस, तुझ्या छातीत किती धूर गेला ते कुणी मोजलं?"

मी पदरानं डोळे पुसले. धुरामुळंच पुसले, दुसरं काही नाही. पण हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. नवऱ्यानंही नाही.

ज्या जुलैत तळीयेवर डोंगर आला, महाडात घराघरात पाणी शिरलं, त्या पावसात आमच्याकडेही खांब आडवे झाले. कित्येक दिवस वीज नव्हती. सोलरचा कंदील आधी पिवळा झाला, मग काजव्याएवढा, मग विझला. त्या दिवसांत दोघं ओटीवर नुसते बसून असत. वरच्या डोंगराकडे कान लावून. मध्येच दगड गडगडल्यासारखं वाटलं की उठून उभे राहत. मालक एकदा हळूच म्हणाले, "तुझी वीज असती तरी आली नसती रे." भाऊ म्हणाला, "तुमची तरी कुठं आली?" आणि दोघं परत डोंगराकडे वळले. मला त्या वेळी कळलं, की यांचं भांडण हे सुखाचं लक्षण आहे. ते चालू आहे तोवर सगळं ठीक आहे.

पुढं काही वर्षांनी भावाला खोकला लागला. आधी आम्ही अडुळसा दिला, मग महाडच्या डॉक्टरांच्या गोळ्या. उन्हाळा संपेपर्यंत त्याला साकवाचा चढ चढवेना. मधेच कठड्याला धरून उभा राहायचा आणि आम्ही बघतोय असं दिसलं की पाण्यात मासे बघितल्यासारखं करायचा. शेवटी मालक त्याला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेले. मीही गेले. फुप्फुसाचा कॅन्सर निघाला.

डॉक्टर तरुण होता, बोलायला बरा होता. मालकांनी त्याला विचारलं, तोंडावर, भावाच्या समोर. "हा अणूच्या भट्टीत कामाला होता. त्याच्यानं झालं का?"

भाऊ मालकांकडे बघत राहिला. जन्मभराचं भांडण त्या एका उत्तरावर आलं होतं. डॉक्टर म्हणाला, "कशानं झालं ते एका माणसाबद्दल नक्की कुणीच सांगू शकत नाही, बाबा. पण मला सांगा, बिडी ओढता का?"

भाऊ चौदा-पंधरा वर्षांचा असल्यापासून बिडी ओढायचा. गुरं राखताना लागलेली सवय.

बाहेर आलो. इस्पितळाच्या आवारात चहाची टपरी होती, तिथं उभे राहिलो. मालक म्हणाले, "बिडीनं झालं. विषय संपला."

"भावजी," भाऊ म्हणाला, "जिंकायची संधी होती, सोडलीत."

"जिंकून सांगू कुणाला?" एवढंच म्हणून मालक चहाचे पैसे द्यायला वळले, आणि बराच वेळ पाठमोरेच राहिले.

इस्पितळात कुणी नक्की काही सांगितलं नाही, पण गावानं ठरवून टाकलं. आम्ही परत येण्याआधीच वाडीत बातमी पोचली होती: अणूनं खाल्ला. मूल झालं नाही ते अणूमुळं, बायको लवकर गेली ती अणूमुळं, आणि आता हा. माझा एक चुलत दीर गावकीचा अध्यक्ष आहे. वाईट माणूस नाही, अडीनडीला धावून येणारा. तोच आमच्या पडवीत बसून म्हणाला, "वहिनी, त्या अणूचं असंच. लागतो तो हळूहळू." आणि असं म्हणत त्यानं बिडी पेटवली. मी त्या काडीकडे बघत राहिले.

पोरं म्हणायला लागली, की अंधारात त्याचं अंग चमकतं. ते ऐकून भाऊ म्हणाला, "चमकत असतो तर भावजींना कंदील कशाला घ्यायला लागला असता? मलाच ओटीवर टांगलं असतं." तो हसला, मालक हसले. मला नाही हसू आलं.

त्याच्याकडे चहा घ्यायला कुणी थांबेना. "आत्ताच घेतला," म्हणायचे. ज्यांचे मिक्सर, पंखे, रेडिओ त्यानं दुरुस्त करून दिले ती माणसं. गणपतीत त्यानं हट्टानं मूर्ती आणली. आरतीला सगळी वाडी आली. देवाला कोण नाही म्हणणार? मी मोदक केले होते, नारळ मीच खवला होता. सगळ्यांनी हात पुढं करून प्रसाद घेतला, कपाळाला लावला. आरती संपल्यावर मी घरी निघाले. साकवावर आले तर खाली वहाळाच्या वळणात, जिथं पाणी जरा थांबतं तिथं, मोदक दगडांत अडकले होते. एक नाही, दोन नाही. आमच्याकडे प्रसाद टाकत नाहीत, पाप लागतं. नको असेल तर पाण्यात सोडतात. तर सगळ्यांनी रीतीप्रमाणं, भक्तीनं, माझ्या हातचे मोदक पाण्यात सोडले होते.

मी त्याला सांगितलं नाही. पण त्याला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "बाय, यंदा माशांचा गणपती चांगला झाला गो."

त्या हिवाळ्यात तो खंगत गेला. मी त्याला आमच्या घरी आणलं, ओटीशेजारच्या खोलीत ठेवलं. भांडण चालूच होतं, पण आता मालक मुद्दाम कच्चं बोलायचे, त्याला खोडता यावं म्हणून. "सगळ्या डोंगरांवर काचा अंथरल्या की झालं," म्हणायचे. भाऊ श्वास गोळा करून म्हणायचा, "आणि गुरं... काचा खातील?" एवढं बोलून दमायचा, पण चेहऱ्यावर मजा यायची. एकदा मालक बाहेर गेले होते तेव्हा माझा हात धरून म्हणाला, "लाकडं येतील ना गो?"

"येतील रे. न येऊन कुठं जातील?"

"त्यांना सांग, माझ्यात काय नाय. साधा मेलेला माणूस हाय."

चैत्रात गेला. सकाळी, उन्हं अंगणात यायच्या वेळी.

आणि लाकडं आली. हे मला सांगायलाच हवं, कारण नाहीतर गावावर अन्याय होईल. एक घर चुकलं नाही. आंब्याचं आलं, आईनाचं आलं, कुणी घराचा जुना वासा आणला. आमचा मुलगा मुंबईहून दुपारी पोचला, मामाला अग्नी त्यानं दिला. आमच्याकडे बायका मसणवटीत जात नाहीत. पण मसणवट वहाळाच्या काठाला आहे आणि आमच्या मागच्या पडवीतून सगळं दिसतं. मी तिथं उभी होते.

चैत्रातला दुपारचा वारा खालून, खाडीकडून येतो आणि वर डोंगराला लागतो. अग्नी दिला. धूर उठला आणि वरच्या अंगाला वळला. आणि मी बघितलं, की सगळे पुरुष, कुणी कुणाला काही न सांगता, एकेक पाऊल करत खालच्या अंगाला सरकले. जिथं धूर येत नव्हता तिथं. कुणी नाकाला रुमाल लावला. अख्खा गाव वाऱ्याच्या तोंडाला दाटीनं उभा राहिला, जशी गुरं पावसात एका झाडाखाली उभी राहतात तशी. लाकडं दिली, खांदा दिला, पण धूर नको होता.

पलीकडे, धुराच्या अंगाला, एकच माणूस उभा होता. आमचे मालक. तसे ते धुराला घाबरतात. चुलीचा धूर झाला की मला ओरडतात. त्या दिवशी हात मागं बांधून धुरात उभे राहिले. मध्येच दिसेनासे व्हायचे, वारा पडला की परत दिसायचे. मुलगा त्यांना ओढायला गेला तर त्यांनी त्याचा हात झटकला. घरी आले तेव्हा डोळे लालभडक होते. न्हाणीत पाणी काढलेलं होतं. अंघोळीला जायच्या आधी माझ्यापाशी थांबले आणि म्हणाले, "तो असता तर म्हणाला असता, बघा भावजी, गावाला वारा कुठून येतो ते तरी कळायला लागलं. आता पवनचक्की लावा." आणि मग ते रडले. मी त्यांना रडताना आधी बघितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी राख सावडायची. आमची राख वहाळातच सोडतात, पिढ्यान्‌पिढ्या. आदल्या संध्याकाळी दीर आला. उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला.

"दादा, राग मानू नका. माझं काय नाय. पण बायामाणसं बोलतात. नळाची विहीर वहाळाच्या खालच्या अंगाला हाय."

"मग?"

"राख जरा हरिहरेश्वरला नेली तर? तीर्थपण होईल. गाडी गावकी देईल."

मालक शांतपणे म्हणाले, "तुझ्या बापसाची राख ह्याच वहाळात गेली ना रे? तो दारू पिऊन मेला. पाणी पिऊन गाव झिंगला का?"

दीर खाली मान घालून उभा राहिला. "ती गोष्ट वेगळी, दादा."

"वेगळी नाय. ऐक. अणूच्या विरुद्ध जेवढं बोलता येतं तेवढं ह्या ओटीवर मी बोललोय. तुमच्यापैकी कुणीच बोललं नसेल तेवढं. उद्या इथं भट्टी आली तर पहिला मी आडवा पडेन. म्हणून मला विचार. त्याच्या अंगात काय नव्हतं. बिडी होती, दम होता, माझ्यासाठी शिव्या होत्या. राखेत हाडं हायत, दुसरं काय नाय."

"मला पटतंय," दीर म्हणाला. "पण गावाला कसं पटवू?"

माणसांना काही पटवता येत नाही असं नाही, पण भीती पटवण्याच्या पलीकडे असते. तळीयेनंतर आमच्याकडे रात्री पाऊस वाढला की लोक देवळात जाऊन बसतात. त्यांना कुणी हसत नाही. मीही जाते. ही भीतीही तशीच असावी. मला तेव्हा असं वाटलं नव्हतं, आता लिहिताना वाटतंय. तेव्हा फक्त राग आला होता.

मालक म्हणाले, "ठीक हाय. वहाळाला नको तर माझ्या राबाला."

राब म्हणजे भाताची रोपं करायची जागा. पावसाच्या आधी तिथं शेणी, पाला, गवत पसरून भाजतो. त्या राखेत बी पेरलं की रोप जोमानं येतं. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या राखेवरच जगलो. चार हाडं मुलानं हरिहरेश्वरला नेली, आणि बाकीची राख मालकांनी स्वतः फावड्यानं राबात मिसळली. वर पाला घातला, आग दिली. माझा भाऊ दुसऱ्यांदा जळला. या वेळी मी जवळ उभी होते, धुराच्याच अंगाला, मालकांच्या शेजारी. राबाच्या धुरात बायकांना उभं राहता येतं.

लोक बांधावरून बघून जायचे. रोपं जास्त हिरवी आली असती तरी बोलले असते, पिवळी पडली असती तरी बोलले असते. ती आली तशीच, दरवर्षीसारखी. लावणीला नेहमीच्या बायका आल्या नाहीत. कुणाचं अंग मोडून आलं होतं, कुणाची सून बाळंत होणार होती. आम्ही दोघं म्हातारी आणि मुंबईहून आलेला मुलगा-सून, असं मिळून लावलं. गुडघे निकामी झाले माझे, पण लावलं.

आता नव्याची रीत सांगते. नवं भात घरात आलं की आमच्या गावात एक दिवस ठरतो. प्रत्येक घरातून ओंजळभर नवे तांदूळ गावदेवीच्या देवळात जातात. सगळे एकाच हंड्यात पडतात, एकच भात शिजतो, आणि सगळा गाव एका पंगतीला तो खातो. कुणाचा तांदूळ कुठला ते कुणालाच ओळखू येत नाही. लहानपणी भाऊ हंड्यापाशी बसून म्हणायचा, हा दाणा आपला. आई म्हणायची, आता सगळेच आपले.

मी ओंजळभर तांदूळ घेऊन गेले, स्वच्छ निवडलेले, नव्या रुमालात बांधून. सरणावर त्याला लाकडं मिळाली होती, पण माझ्या मनात आत कुठंतरी होतं, की खरं गावचा तो आज होईल. हंड्यात पडला की झाला. मग कुणी त्याला वेगळा काढू शकणार नाही.

हंड्यापाशी दीर होता. बायका एकेक करून ओतत होत्या. माझी पाळी आली. मी रुमालाची गाठ सोडली. त्यानं पटकन दोन्ही हात पुढं केले, अगदी नमस्कार केल्यासारखे, आणि म्हणाला, "वहिनी, तुमचा देवीच्या पायाशी ठेवू. यंदा तुमचा मान."

मान! आजवर कधी कुणाचा तांदूळ वेगळा पायाशी ठेवल्याचं मी बघितलं नव्हतं. त्यानं तो रुमाल इतक्या हळुवार घेतला, देवीपुढं ठेवला, वर फूल वाहिलं. आजूबाजूच्या बायकांनी हात जोडले. कुणी वाईट बोललं नाही. कुणी वाईट वागलं नाही. माझा भाऊ देवीच्या पायाशी जाऊन बसला, आणि हंड्याबाहेर राहिला.

मी मागं वळून बघितलं. मालक खांबाला टेकून उभे होते. त्यांना कळलं होतं. त्यांनी मान हलवली: चल घरी. पंगतीला आम्ही बसलो नाही. पाय दुखतायत असं मी सांगितलं, ते खोटंही नव्हतं. घरी येऊन मी त्याच तांदळाचा भात टाकला. आम्ही दोघं ओटीवर बसून जेवलो. चांगला झाला होता. मऊ, जरा गोडसर, नव्या भाताला असतो तसा. मालक म्हणाले, "अजून वाढ." मी वाढला.

यंदाच्या आषाढात पाऊस धरून बसला. तिन्हीसांजेची वेळ. लाइट दुपारीच गेली होती, खाली कुठंतरी झाड तारेवर पडलं असेल. सोलरचा कंदील पिवळा होत होता. साकवाकडची बाजू पावसात दिसत नव्हती, तरी मी सवयीनं तिकडे बघत होते. मालक त्यांच्या जागेवर बसले होते. समोरची भिंतीकडची जागा रिकामी. तिथं आम्ही काही ठेवत नाही. मुद्दाम असं नाही, ठेवणं होत नाही.

ते कंदिलाकडे बघत होते. मग एकदम, त्याच्याच आवाजात, त्याच्याच चालीवर म्हणाले, "काय भावजी, आज तुमचा सूर्य ड्युटीवर आला नाय वाटतं?"

आणि थांबले. उत्तराची वाट बघत. ओटीवर नुसता पागोळ्यांचा आवाज. त्यांचे ओठ हलले, पण स्वतःचं उत्तर त्यांना स्वतःला देता येईना. इतकी वर्षं रोज दिलेलं उत्तर.

मी भांडी घासत होते. इतक्या वर्षांत त्या भांडणात मी कधी बाजू घेतली नव्हती. हात पदराला पुसले, ओटीवर आले आणि भावाच्या जागेवर बसले.

"येईल, येईल," मी म्हटलं. "त्याला पेन्शन नाय तुझ्यासारखी. फुकट राबतो बिचारा."

मालकांनी माझ्याकडे बघितलं. मग गळा खाकरून, थोडं पुढं सरकून म्हणाले, "फुकट राबतो म्हणूनच चार महिने दांडी मारतो..."